पाखडबाई

मी एका माणसाला पूर आलेल्या सावित्रीत ढकललं होतं. ढकललं, पोहत पलीकडे नेलं, आणि तो लहानपणी पावसाळाभर रोज असाच शाळेत जायचा असं छापून मोकळी झाले. तो माणूस म्हणजे आमच्या शाळेचे संस्थापक तात्यासाहेब. शाळेचा सुवर्णमहोत्सव होता, तात्यासाहेब हयात होते आणि त्यांचं छोटं चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण मी मराठी शिकवायचे आणि माझं अक्षर चांगलं होतं. एवढ्या भांडवलावर चरित्र लिहिता येतं असं तेव्हा सगळ्यांचं मत होतं. माझं तर होतंच.

नदी कुठून आणली म्हणाल, तर थोरांच्या चरित्रात नदी तरी असते नाहीतर रस्त्यावरचा दिवा. दिव्याचा मला कंटाळा आला होता. मी मूळची पेणची, लग्न होऊन महाडात आलेली. सावित्री मला ठाऊक होती ती पुलावरून, एसटीच्या खिडकीतून. तात्यासाहेबांचं गाव नदीकाठी, त्यांची त्या वेळची शाळा नदीकाठी, एवढं मी विचारून घेतलं होतं. दोन्ही एकाच काठाला आहेत, हे विचारायचं राहून गेलं. म्हणजे माझ्या चरित्राप्रमाणे ते पोर रोज सकाळी दप्तर डोक्याला बांधून नदी पोहून पलीकडे जाई, आणि मग शाळेसाठी परत अलीकडे येई.

हे पकडलं नववीच्या मुलांनी. त्यांना पकडायला शिकवलं होतं सकपाळबाईंनी. त्या पकडापकडीत बाईंची नोकरी जायची वेळ आली, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसले की सुरुवात माझ्या गाढवपणापासून करावी लागते.

सकपाळबाई पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या. इतिहास शिकवायच्या. आमची शाळा महाड-पोलादपूर रस्त्याला लागून. सकाळची एसटी थांबली की आधी त्यांची छत्री उतरायची, मग त्या, आणि उतरता उतरता कंडक्टरशी चाललेलं बोलणं संपवायच्या. छत्री बारा महिने बरोबर असे. पावसाळ्यात ती डोक्यावर आणि उन्हाळ्यात नकाशावर. उंचीला माझ्या खांद्यापर्यंत, पण चाल अशी की बरोबरीनं चालणाऱ्याला पळावं लागे. डब्यात नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. तिचा वास स्टाफरूमभर पसरला की आमच्यातल्या काही जणी खिडक्या उघडायच्या. बाई शांतपणे म्हणायच्या, वास सगळ्यांना, चव एकटीला, हा अन्याय आहे, घ्या थोडी. पुढे खिडक्या उघडणाऱ्याच आधी हात पुढे करू लागल्या. त्यात मी पहिली.

त्यांची नेमणूक तात्पुरती होती. दर जूनमध्ये नवा कागद, आणि तो हातात पडेपर्यंत मे महिनाभर घोर. घरी आई, धाकटा भाऊ शिकत होता, कमावणारं माणूस ह्या एकट्याच. महोत्सवाच्या वर्षी त्यांची जागा कायम व्हायची होती. कमिटीनं हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. आम्ही सगळे त्यांना सांगत होतो, बाई, एवढं वर्ष तोंड बंद ठेवा.

तोंड बंद ठेवणं त्यांना जमत नसे, हा त्यांचा दोष मी आधीच सांगून टाकते. स्टाफरूममध्ये मी रंगात येऊन कोणाच्या तरी सुनेची हकिगत सांगत असायचे, हातवारे करत, मध्ये आवाज खाली आणत. बाई डबा पुसता पुसता विचारायच्या, "तुम्ही तिथं होतात?" नव्हते. कशी असणार? मग ती हकिगत माझ्या हातातच विरून जायची. एका निवृत्त शिक्षकांच्या शोकसभेत हेडमास्तर म्हणाले की कैलासवासी वेळेचे फार पक्के होते. मागच्या बाकावरून बाई हळू म्हणाल्या, "उशिरा यायचे. पण आले की मन लावून शिकवायचे." हळू म्हणजे त्यांच्या हिशोबानं हळू. कैलासवाशांच्या बायकोनं मागे वळून पाहिलं, आणि त्या गंभीर प्रसंगी तिला हसू फुटलं. आम्ही मात्र बाईंशी आठवडाभर बोललो नाही.

आमच्या दोघींच्या वर्गांमध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं, तेही वरून उघडं. त्यामुळे माझ्या मुलांना कवितेबरोबर इतिहासही ऐकू यायचा. मला तर इतिहासच जास्त ऐकू यायचा. फळ्यावर शब्दार्थ लिहायला लावून मी पार्टिशनला टेकून उभी राहायचे. ही बाई करते तरी काय, ह्याची मला उत्सुकता लागलेली असे. एकदा पलीकडून सूप आपटल्याचा आवाज आला. काहीतरी निमित्त काढून मी दाराशी गेले, तर खरंच घरचं सूप घेऊन बाई वर्गाच्या मध्यभागी उभ्या, आणि जमिनीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या.

प्रकार असा होता. लायब्ररीतल्या कुठल्याशा राजाच्या चरित्रातलं एक पान त्यांनी मुलांना दिलं होतं, आणि त्यातला एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर लिहायला लावून ते पान सुपात घालून पाखडलं होतं. पहिल्या पाखडणीत सगळंच उडालं. राजा एका बाकाखाली, त्याची लढाई दुसऱ्या. बाई जराही खट्टू झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिंचोके आणले आणि घरून भाताची खळ आणली. ज्या शब्दात काही घडलेलं आहे, जो तपासून बघता येतो, त्याला चिंचोका चिकटवायचा. बाकीच्यांना नाही. 'गेला' ह्या शब्दाला चिंचोका मिळाला, 'गडावर' ह्याला मिळाला. 'शूर' ह्या शब्दावरून तासभर भांडण झालं. मुलं म्हणाली, शूर होताच की. बाई म्हणाल्या, त्यानं काय केलं ते आधी सांगा, शूर होता का ते मग आपण ठरवू. शेवटी 'शूर' बिनचिंचोक्याचा राहिला, आणि सूप हललं तसा उडाला. 'सदैव' उडाला, 'अवघे' उडाले, 'पराक्रमी' तर खिडकीबाहेर गेला.

एक मुलगा त्या उडालेल्या चिठ्ठ्या गोळा करून टोपलीत टाकायला निघाला, तेव्हा बाई त्याच्यावर ओरडल्या. रागावल्या की त्यांची शाळेतली मराठी सुटायची आणि डोंगरातली यायची.

"टाकतोस कुठं रे? कोंडा हाय तो. कोंड्यावरनंच कळतं, शेत कोणाचं हाय ते. लिहिणाऱ्याला हा राजा आवडत होता का, त्याला कोणाचं भ्या होतं, त्याचं पोट कोण भरत होतं, सगळं त्या कोंड्यात हाय. वेच ते."

त्या दिवसापासून मुलांनी त्यांचं नाव पाखडबाई ठेवलं. त्यांना ते कळलं, आणि आवडलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी गृहपाठ दिला, आजीचं चरित्र. पण ते तिघांना विचारून लिहायचं. आजीच्या मुलाला, सुनेला आणि शेजारणीला, आणि सगळ्यात शेवटी आजीला. त्या दिवाळीत आसपासच्या गावांत फटाक्यांपेक्षा हा गृहपाठ जास्त वाजला. सुट्टी संपल्यावर एक आई मुलीला घेऊन तणतणत शाळेत आली. म्हणाली, "बाई, मी सासूबद्दल बोलले ते हिनं सगळं लिहिलंन, आणि म्हातारीला वाचून दाखवलंन." बाईंनी विचारलं, मग सासूबाई काय म्हणाल्या? ती आई म्हणाली, "हसली. म्हणाली, सूनबाई एक सांगायची विसरली, ते पण लिही गो."

हसण्यावारी गेलेल्या त्या गृहपाठातून एक गोष्ट मात्र वर आली. आमच्या शाळेची जुनी इमारत काळ्या दगडाची. तो दगड नदीतून डोक्यावर वाहून आणलेला होता, आणि वाहून आणणाऱ्या ह्याच आज्या होत्या, त्या वेळी नुकत्या लग्न होऊन आलेल्या. एका गावातल्या आजीनं सांगितलं, दुसऱ्या गावातल्या आजीनं सांगितलं. एकमेकींना न विचारता दोघींनी तोच उतार आणि तोच निसरडा खडक सांगितला, तेव्हा बाईंनी मुलांना सांगितलं की ह्याला चिंचोका लावायला हरकत नाही.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात महाडच्या बाजारात पाणी भरलं होतं. पाणी आमच्याकडे नवं नाही. ते येतं, जातं आणि भिंतींवर चिखलाचा पट्टा सोडून जातं. पट्टा वाळायच्या आत बाईंनी नववीला एसटीत घालून बाजारात नेलं. मला चैन पडेना, मीही गेले, मुलांवर लक्ष ठेवायला म्हणून. एक कापडवाला म्हणाला, पाणी छातीला लागलं. त्याच्या शेजारचा भांडीवाला म्हणाला, डोक्यावरून गेलं. मुलं खूश झाली. एक जण खोटारडा सापडला असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं, आणि तो भांडीवाला असणार हेही मी मनात ठरवून टाकलं, कारण मागे त्यानं मला गळका कुकर दिला होता. बाईंनी छत्री भिंतीला लावली. पट्टा दोन्ही दुकानांवर एकाच उंचीला होता. मग त्यांनी दोघांना विचारलं, पाणी आलं तेव्हा तुम्ही कुठं उभे होतात? कापडवाला ओट्यावर होता. भांडीवाला खाली रस्त्यावर, शेजारच्या म्हातारीला वर ओढत होता. परतीच्या गाडीत मुलांनी वहीतला 'खोटारडा' खोडला. मीही मनातला खोडला.

तर अशा तयारीच्या मुलांच्या हातात माझी पुस्तिका पडली.

महोत्सवाच्या आधी ती छापून आली आणि वर्गावर्गात वाटली गेली. त्या दिवशी मी अलीकडे कविता शिकवत होते, पण कान पलीकडे होते. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला होते. बाई म्हणाल्या, आज ह्या पुस्तकाची हजेरी घेऊ या. मला वाटलं, हे काय नवीन.

तात्यासाहेब, असं त्यांनी पुकारलं. सगळा वर्ग म्हणाला, हजर. तात्यासाहेबांचे वडील? हजर, पान दुसरं. तात्यासाहेबांची आई? पानांची सळसळ झाली. गैरहजर. बायको? गैरहजर. नाही, थांबा, आहे, 'सुविद्य' म्हणून आहे, नाव नाही. गवंडी? गैरहजर. पहिल्या वर्षीचे शिक्षक? गैरहजर. दगड वाहणाऱ्या बाया? गैरहजर, असा मोठा आवाज आला, कारण त्यात त्यांच्या आज्या होत्या. 'तात्यासाहेबांनी स्वतःच्या हातांनी ही वास्तू उभी केली,' हे माझं वाक्य कोणीतरी मोठ्यानं वाचलं. माझ्या हातातला खडू मोडला.

मग नदीकाठच्या गावातून येणारी एक मुलगी उठली. चंदा तिचं नाव. तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"बाई, पण ते नदी कशाला पोहले? त्यांचं गाव आणि शाळा एकाच अंगाला हाय."

आधी पलीकडचा वर्ग हसला. मग माझा वर्ग हसला, माझ्या समोर. मी पार्टिशनकडे तोंड करून उभी. बाईंना ठाऊक होतं की मी ऐकते आहे. त्यांनी हसणं थांबवलं आणि विचारलं, लिहिणाऱ्याने नदी का घातली असेल, ते सांगा. एक म्हणाला, तात्यासाहेब खूश व्हावेत म्हणून. एक म्हणाली, साधं चालत गेले म्हटलं तर कोण वाचेल? आणि चंदा म्हणाली, लिहिणाऱ्या बाईंना स्वतःला पोहता येत नसेल, म्हणून त्यांना पोहणं फार मोठं वाटलं असेल.

मला पोहता येत नाही. आजतागायत येत नाही. पण माझी स्वतःची चरित्रकार मला अशी पार्टिशनपलीकडे भेटेल, असं वाटलं नव्हतं.

मी चिडले. स्टाफरूममध्ये बाईंशी बोलले नाही, सुकटही घेतली नाही. बाई एवढंच म्हणाल्या की तुमचा कोंडा फार चांगला होता, मुलांना त्यातून खूप मिळालं. त्या हे चेष्टेनं म्हणत नव्हत्या, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

गोष्ट सेक्रेटरींपर्यंत पोचायला दोन दिवस पुरले. सेक्रेटरी म्हणजे तात्यासाहेबांचे चिरंजीव. सकपाळबाईंनी मुलांसमोर संस्थापकांची टिंगल केली, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. कमिटीची बैठक लागली. बाईंनी सगळ्या शाळेसमोर माफी मागावी, नाहीतर जूनचा कागद मिळणार नाही आणि कायम होणं विसरावं, असा निरोप आला. मला पुस्तिकेची लेखिका म्हणून बोलावलं होतं.

बैठकीला तात्यासाहेब स्वतः आले. काठी दोन गुडघ्यांमध्ये, डोळे अर्धे मिटलेले. सेक्रेटरींनी मला विचारलं, नदीच्या प्रसंगाला आधार काय? जिभेवर 'असं ऐकिवात आहे' तयार होतं. तेवढ्यात मला वाटलं की समोरून आता कोणीतरी विचारणार, तुम्ही तिथं होतात? मग मी सांगून टाकलं, नदी मी घातली, कोणी सांगितली नव्हती. मुलं बरोबर आहेत.

सेक्रेटरी बाईंकडे वळले. त्याने काही फरक पडत नाही म्हणाले, विषय वडिलांच्या मानाचा आहे, माफी मागता की नाही? सकपाळबाई उभ्या होत्या, छत्री दोन्ही हातांत धरून. काही बोलल्या नाहीत. चेहऱ्यावर काही नाही, मान ताठ. मी मनातल्या मनात तिथल्या तिथे त्यांना कड्याची उपमा देऊन टाकली. खोड जाते थोडीच. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज घाटाच्या दिशेनं पार संपेपर्यंत ऐकू आला.

मग तात्यासाहेब बोलले.

"छापून आलं तेव्हा मला ठाऊक होतं, मी पोहलो नाही. मग नातवंडं विचारायला लागली. त्यांना सांगितलं एकदा, मग परत सांगितलं. आता मला पाण्याचा गारवासुद्धा आठवतो."

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बायांनी दगड वाहिले ते खरं आहे, म्हणाले, आमची हीसुद्धा होती त्यांच्यात. ते कसं विसरलो कोण जाणे. मग मुलाकडे न बघता सांगितलं की माफीबिफी काही नको, बाईंना कायम करा. सेक्रेटरींनी मान डोलावली. तात्यासाहेब उठता उठता थांबले.

"पण ह्यांना वरच्या शाखेत पाठवा. इथं रोज समोर दिसतील. मला अजून थोडे दिवस पोहायचं आहे."

तसं झालं. बाई कायम झाल्या आणि पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या शाखेत गेल्या. तिथेच निवृत्त होईपर्यंत शिकवलं. मधून मधून भेटी व्हायच्या, लग्नकार्यात, बाजारात. भेटल्या की तात्यासाहेबांचं विचारायच्या, आणि ते गेल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. नदी घेतली मी त्यांची, एवढंच म्हणाल्या.

गेल्या पावसाळ्यात बाईही गेल्या. शोकसभेला मी नातीला घेऊन गेले होते. एकामागून एक विद्यार्थी उठले, मोठे झालेले, टक्कल पडलेले, आणि सगळे म्हणाले की बाईंना भीती ठाऊक नव्हती. कमिटीच्या बैठकीची गोष्ट तिघांनी सांगितली. तिघेही तिथं नव्हते. एकाच्या गोष्टीत तर बाईंनी सेक्रेटरींना छत्री उगारून सुनावलं होतं. नात माझ्या कानाला लागली, आजी, असं झालं होतं? मला बोलायला सांगितलं तेव्हा मीही तेच बोलणार होते, छत्रीचं सोडून. 'कड्यासारखी' हा शब्द इतकी वर्षं मी जपून ठेवला होता. पण उठता उठता मला एसटीचा थांबा आठवला, आणि मी गुडघे दुखतात म्हणून खाली बसले.

शाळेच्या कागदावर सही करून त्या वर जायला निघाल्या तो दिवस. जून होता, आभाळ भरलेलं. सामान म्हणजे एक पेटी, सूप आणि छत्री. मी थांब्यावर सोडायला गेले होते, आणि सकाळीच निरोपसमारंभात त्यांच्यावर भाषण केलं होतं. त्यात निर्भय हा शब्द होता, बाणेदार होता, बाकीचे आता आठवत नाहीत. गाडी आली. मी पेटी वर चढवली. बाईंना खिडकीची जागा मिळाली. सूप मांडीवर ठेवून त्यांनी काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, भाषणाबद्दल काही चांगलं म्हणणार. त्या म्हणाल्या,

"पोतनीसबाई, त्या बैठकीचं तुम्ही कधीतरी लिहिणार, मला ठाऊक आहे. लिहा. पण एवढं त्यात घाला. तात्यासाहेब आणखी जरा गप्प बसले असते ना, तर मी माफी मागणार होते. शब्द तोंडात आला होता."